पंप साड्यांच्या घडीत नको, कोनाड्यात ठेवा

वाचकाचं पत्र

नमस्कार डॉक्टर,

आमचं गाव गुहागर तालुक्यात, अगदी समुद्राच्या कडेला. घर जुनं, चिऱ्याचं, कौलारू. धाकट्या मुलाचं लग्न होऊन दीड वर्ष झालं. सून गुणी आहे, माहेर चिपळूणचं. तिला आता पाचवा सरत आलाय. गेल्या महिन्यात, भाजावळीच्या (पेरणीआधी शेत भाजायच्या) दिवसांत, रात्री तीनच्या सुमाराला मला जाग आली, तर ही पडवीच्या पायरीवर बसलेली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वरखाली, छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. विचारलं तर म्हणाली, "काही नाही आई, उकडतंय." दुसऱ्या दिवशी मी तिची ट्रंक उघडली (चुकलंच माझं), तर साड्यांच्या घडीत दोन पंप. लहानपणापासून दमा आहे म्हणे. लग्न ठरवताना कुणी एका शब्दाने बोललं नाही. मला वाईट वाटलं, पण जास्त भीती वाटली ती पोटातल्या बाळाची. म्हणून मीच तिला पंप बंद करायला सांगितले. तिने ऐकलं. आता तीन आठवडे झाले, आठवड्यातून तीन-चार रात्री ती उठून बसते. मी अडुळशाचा काढा सुरू केलाय. दही, केळं, सोलकढी बंद केलीय. शेजारीण म्हणते, मिरगाला हैदराबादला नेऊन माशाचं औषध द्या.

पंपाची सवय लागते का? बाळालाही दमा होईल का? घरात मी काय करू? चुलीशिवाय आमचं भागत नाही आणि ह्यांची विडी ओटीवर चालूच असते. मला काही होत नाही, सकाळी थोडा खोकला येतो तेवढाच. पावसाळा तोंडावर आलाय. आणि आमची फसवणूक झाली असं म्हणायचं की नाही, तेही सांगा.

— एक सासू

ताई,

पत्राखाली नंबर होता म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन केला आणि दोनच गोष्टी सांगितल्या. तिच्या छातीच्या डॉक्टरांना फोन लावून पंप आजच्या आज पुन्हा सुरू करा, आणि अडुळसा थांबवा. तुम्ही "बरं" म्हणालात, पण त्या "बरं"मध्ये काही दम नव्हता. म्हणून आता कारणांसकट लिहिते. दर वर्षी मे महिना आला की अशी चार-दोन पत्रं येतातच, त्यांनाही हेच उत्तर.

तुमच्या सुनेकडे दोन पंप सापडले, म्हणजे तिच्या डॉक्टरांनी काम नीट केलंय. तुमच्या गावाजवळ खाडी आहे, तेव्हा खाडीचंच उदाहरण देते. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की होडी आत घ्यायला भरतीची वाट बघावी लागते. दम्यात श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला कायमची थोडी सूज असते, तो गाळ. झटपट आराम देणारा पंप, बहुतेक वेळा निळा, म्हणजे भरती. नळ्यांभोवतीचे आवळलेले स्नायू सैल होतात, चार-सहा तास होडी चालते, मग पाणी उतरतं आणि गाळ होता तिथेच असतो. गाळ काढायचं काम दुसऱ्या पंपाचं. तो रोज घ्यायचा, बरं वाटत असलं तरी घ्यायचा, आणि त्याचा गुण दिसायला दिवस-आठवडे लागतात. (रंगांवर मात्र विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात. पंपावरचं नाव वाचा, किंवा सुनेला विचारा. तिला पाठ असेल.)

सवयीचं म्हणाल तर पंपाची सवय लागत नाही. लोकांना तसं वाटतं, कारण बरं वाटलं की ते गाळ काढणारा पंप सोडून देतात आणि नुसत्या निळ्यावर दिवस काढतात. मग निळा जास्त लागतो, अजून जास्त लागतो, आणि नाव येतं सवयीचं. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की दमेकऱ्याला फक्त निळ्या पंपावर ठेवायचं नाही. निळ्याच्या एका डबीत २०० पफ, म्हणजे दाबून निघणारे फवारे, असतात. वर्षाला तीन किंवा जास्त डब्या संपत असतील तर जोराचा झटका येण्याचा धोका वाढलाय असं धरून चालायचं.

आता बाळ. तुम्हाला वाटलं, औषध बाळापर्यंत पोचेल. माया बरोबर, हिशेब चुकला. बाळ स्वतः श्वास घेत नाही, त्याला प्राणवायू मिळतो तो आईच्या रक्तातूनच. रात्री तीनला ती पायरीवर बसून श्वासासाठी झगडत होती, तेव्हा बाळाच्या वाट्यालाही कमीच येत होतं. दमा आटोक्यात नसला तर बाळ कमी वजनाचं होणं, दिवस भरण्याआधी बाळंत होणं, आईचं रक्तदाब वाढणं, हे सगळे धोके वाढतात. याउलट रोजच्या पंपातली औषधं, विशेषतः ब्युडेसोनाइड, गरोदर बायकांमध्ये वर्षानुवर्षं वापरली गेली आहेत आणि त्यांच्याविषयी भरवसा वाटावा इतका अनुभव गाठीशी आहे. निळ्यातलं साल्ब्युटामॉलही चालतं.

"पण त्यात स्टेरॉइड असतं ना?" हे तुम्ही फोनवर हळूच विचारलंत. असतं. किती ते बघा. रोजच्या पंपातून दिवसाला साधारण २०० ते ४०० मायक्रोग्रॅम जातं. दम्याचा मोठा झटका आला की दवाखान्यात प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात, दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. शंभर ते दोनशेपट! (औषधं वेगळी आहेत, पण अंदाज यावा म्हणून सांगितलं.) आणि पंपातलं जातं थेट नळ्यांत, अंगभर फिरतं ते फारच थोडं. रोजचा पंप घेतला तर ती गोळ्यांची वेळ टळते. तरी झटका आलाच आणि डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्या मात्र घ्यायच्या, घाबरून ठेवून द्यायच्या नाहीत.

गरोदरपणात दम्याचं काय होतं, याचा एक ढोबळ आडाखा आहे. साधारण एक तृतीयांश बायकांचा दमा वाढतो, तेवढ्यांचाच कमी होतो, उरलेल्यांचा जैसे थे राहतो. वाढायचाच असेल तर बहुतेक वेळा सहाव्या महिन्यापासून आठव्यापर्यंत. तुमच्या सुनेचे हे महिने कुठले आले? मिरगापासून गणपतीपर्यंतचे. कोकणातले नेमके ओले, कोंदट, बुरशीचे दिवस. मला घाई झालीय ती याचीच.

दिवस गेलेल्या बाईला चढ चढताना थोडी धाप लागतेच, ती वेगळी. तिच्यात घरघर नसते, खोकल्याची उबळ नसते, झोपमोड होत नाही. गेल्या चार आठवड्यांत आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा दिवसा त्रास झाला का, रात्री दम्यामुळे जाग आली का, निळा पंप आठवड्यात दोनपेक्षा जास्त वेळा लागला का, नेहमीचं काम सोडावं लागलं का, हे चार प्रश्न दर महिन्याला विचारा. एकाचंही उत्तर "हो" आलं तरी डॉक्टरांना कळवा. तुमच्या पत्राप्रमाणे आत्ताच निदान एक तरी "हो" आहे.

पंप नुसता असून भागत नाही, तो नीट घेता यायला हवा. लहानपणापासून घेणारेही सर्रास चुकतात. मी स्वतः दमेकरी आहे, आणि डॉक्टर झाल्यावरही कितीतरी वर्षं चुकीच्या पद्धतीने घेत होते, हे माझ्याच एका परिचारिकेने माझ्या लक्षात आणून दिलं! सुनेला तुमच्यासमोर पंप घेऊन दाखवायला सांगा. पंप हलवायचा, श्वास पूर्ण बाहेर सोडायचा, ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घ्यायला लागता लागता दाबायचं, सावकाश ओढत राहायचं, मग मनात दहा आकडे होईपर्यंत रोखायचं. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने. तोंडातून वाफ बाहेर येताना दिसली तर तो पफ वाया गेला. कॅप्सूल घालून घ्यायचं भुकटीचं यंत्र असेल तर उलट, तिथे श्वास जोरात आणि खोल ओढायचा. रोजच्या पंपानंतर चूळ भरून थुंकायची, नाहीतर जिभेवर पांढरा बुरा धरतो.

त्यातही स्पेसर लावला तर सगळंच सोपं होतं. स्पेसर म्हणजे पंपाला जोडायची पोकळ नळी. औषध घशावर आपटून वाया न जाता छातीत उतरतं, आणि दाबणं-ओढणं यांचा मेळ बसला नाही तरी चालतं. साध्या ५०० मिलिलीटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून केलेला स्पेसरही विकतच्या इतकाच चालतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी मुलांवर तपासून १९९९ मध्ये दाखवून दिलं होतं. विकत मिळतोय तर विकतचाच घ्या, पण अडीअडचणीला हे लक्षात असू द्या. साबणाच्या पाण्यात धुवून तसाच निथळत ठेवायचा. फडक्याने पुसला की औषध आतल्या बाजूला चिकटून राहतं.

नेब्युलायझरचं मशीन घेऊ का, असं पुढचं पत्र येणार हे मला माहीत आहे, म्हणून आत्ताच सांगते. हलक्या-मध्यम झटक्यात स्पेसरमधून घेतलेले पफ मशीनइतकंच काम करतात. आणि मशीनला वीज लागते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या बाजूला कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. पंपाला काही लागत नाही. चिपळूणच्या व्याह्यांना २२ जुलै २०२१ चा पूर आठवत असेल, अख्खी बाजारपेठ पाण्याखाली होती. तेव्हा तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा यांची बेगमी करता, त्यात दोन्ही पंपांची एकेक जादा डबी आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कॅप्सूल असतील तर त्या पावसात ओल धरतात, आयत्या वेळीच पाकिटातून काढायच्या. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायची एक पद्धत आहे, तिचा भरवसा धरू नका. मागे आकडा दाखवणारा काटा असतो तो बघा, नसेल तर डबी उघडल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा.

आता घर. इथे तुमचं राज्य, म्हणून इथेच तुमचा सगळ्यात जास्त उपयोग.

पहिला धूर. भाजावळ संपली, पण वाडीत पातेरा, म्हणजे वाळका पालापाचोळा, जाळणं चालूच असेल. पावसाच्या तोंडावर सगळेच साफसफाई करून ढीग पेटवतात. आपला पातेरा कुजवून माडाच्या आळ्यात घाला. शेजाऱ्याने पेटवला तर भांडत बसू नका, सुनेला घेऊन वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन बसा आणि त्या बाजूची दारं-खिडक्या लावून घ्या. आंघोळीच्या पाण्याची चूल तुम्ही नारळाची सोडणं आणि माडाची झापं घालून पेटवता ना? ओलसर सोडणाइतका खवखवणारा धूर दुसरा नाही. गॅस, हीटर, बंब, जे जमेल ते करा. काहीच जमत नसेल तर चूल घरापासून लांब, मागीलदारी उघड्यावर न्या, खडखडीत वाळलेलंच लाकूड घाला आणि जाळ सारायला ती नको. भाकऱ्या चुलीवरच्या हव्यात हे मला कळतं, मीही चुलीवरचीच खाऊन वाढले. पण ती घरात असताना भाकरी गॅसवर भाजा. गरे तळायचे दिवस आहेत, तळण आणि मिरचीची फोडणी चालू असताना तिला खळ्यात आंबापोळी राखायला बसवा.

ह्यांच्या विडीबद्दल फार लिहीत नाही. ओटीवरचा धूर माजघरात येतो, त्याला उंबरा कळत नाही. विडी फाटकाबाहेर. नातवंडाचं नाव घ्या, बघा काय म्हणतात.

डासांच्या कॉइलबद्दल कुणी काही बोलत नाही, म्हणून मी बोलते. एक कॉइल जळून जाते तेव्हा तिच्यातून बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण मोजले, तर ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले होते. आणि ती आपण लावतो कुठे? झोपायच्या खोलीत, दार लावून. मच्छरदाणी लावा. उदबत्ती-धूप देवाजवळ नेमापुरता, तोही ती दुसऱ्या खोलीत असताना. गणपतीत आरतीच्या वेळी तिला दाराशी उभी करा, देव रागावत नाही.

दुसरी ओल. जुलैत चामड्याच्या चपलेवर पांढरी बुरशी येते, तीच चिऱ्याच्या भिंतीवर, कपाटामागे, उशीच्या अभ्र्यावर असते, फक्त दिसत नाही. शिवाय गाद्या-गोधड्यांत राहणारे धुळीतले अतिबारीक किडे, ज्यांचं दमेकऱ्यांशी हाडवैर, त्यांना दमट हवाच मानवते. आत्ता कडक ऊन आहे तोवर तिचं सगळं अंथरूण-पांघरूण उन्हात घाला, चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत पाण्यात धुवा, तिचा पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा. दोन गोष्टी मात्र बहुतेक घरांत चुकतात. एक, पावसात ओले कपडे घरातल्या दोरीवर, तेही झोपायच्या खोलीत वाळवणं. ते पडवीत न्या. दुसरी, पावसाळ्याचं लाकूड रचायची जागा. माझा अंदाज आहे की तुमची रास तिच्या खोलीच्या भिंतीला लागून पडवीत रचलेली असणार, कारण कोरडी जागा तीच असते! लाकडात बुरशी आणि झुरळं, दोन्हींचं माहेर. रास हलवा. गणपतीआधीचं माळा झाडणं, जळमटं काढणं, भिंतींना चुना-रंग, यातल्या कशालाही तिला हात लावू देऊ नका. ती चिपळूणला गेलेली असताना उरकून घ्या आणि वास जाईपर्यंत तिला तिकडेच राहू द्या. साड्यांच्या ट्रंकेतल्या डांबरगोळ्याही काढा.

एवढं करूनही दमा पळून जाणार नाही. घराची साफसफाई पंपाला मदत करते, पंपाची जागा घेत नाही. सुनेला काचेच्या बाहुलीसारखं बसवून ठेवायचंही कारण नाही, रोज समुद्रावर फिरून येऊ दे.

खाण्यापिण्याचं आवरतं घेते. दही, केळं, सोलकढी सगळं परत सुरू करा. "थंड" म्हणून दमा वाढत नाही. एखादा पदार्थ खाऊन तिला दर वेळी नक्की त्रास होत असेल तर तेवढाच बंद. पोट भरलेलं असताना आडवं झालं की छातीत जळजळ होते आणि तीही दमा चाळवते, म्हणून रात्रीचं जेवण लवकर आणि उशाला उंची. अडुळसा खोकल्यावर गुणाचा, यात वाद नाही. ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध त्यातल्याच व्हॅसिसीनवरून तयार झालं. पण तेच व्हॅसिसीन गर्भाशय आवळतं, म्हणून पोटुशीला अडुळसा द्यायचा नसतो. तुमच्या आईलाही हे ठाऊक असणार, आठवून बघा. धोतऱ्याच्या पानांची धुरी कुणी सुचवली तर हात जोडा. माझे आजोबा ती ओढायचे, आराम पडायचाही, कारण त्यात नळ्या सैल करणारं द्रव्य असतं. पण किती गेलं याला माप नाही, आणि धोतरा विष आहे. हैदराबादच्या माशाने दमा बरा झाल्याचा पुरावा आजवर कुणी दाखवलेला नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात एवढा प्रवास, त्या गर्दीत, कशाला? मिरगाला घरीच कोंबडा करा.

झटका आला तर काय करायचं, ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅलेंडरशेजारी चिकटवा. नेमकं प्रमाण तिच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, काहींचा रोजचा आणि आरामाचा पंप एकच असतो. साधारण रीत अशी. तिला झोपवायचं नाही, पुढे थोडं झुकवून ताठ बसवायचं, भोवती गर्दी नको. निळ्या पंपाचे चार पफ स्पेसरमधून, एका वेळी एक, प्रत्येकी चार-पाच श्वास. दहा-पंधरा मिनिटांत स्पष्ट आराम पडला नाही तर गाडी काढा आणि पफ देत देतच निघा. चिपळूण तुमच्यापासून ४५ किलोमीटरच्या आसपास, तेव्हा शहरातल्या बाईपेक्षा तुम्ही लवकर निघायला हवं. सलग वाक्य बोलता येत नाही, ओठ निळसर, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय, गुंगी येतेय, किंवा घरघर एकदम थांबली पण श्वास काही सुटत नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबून बघायचं नाही, १०८ लावायचा. घरघर थांबणं हे तेव्हा चांगलं लक्षण नसतं. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं यंत्र घरात पडलं असेल तर सेल बदलून ठेवा. गरोदर बाईचा प्राणवायूचा आकडा ९५ च्या खाली गेला तर दवाखाना. आकडा चांगला आहे पण ती दमतेय, तर तिच्याकडे बघा, आकड्याकडे नको. बाळाची हालचाल कमी वाटली तरी त्याच दिवशी दाखवा. वाडीत गाडी कुणाची आहे, रात्री फोन कोण उचलतो, हेही त्याच कागदावर.

बाळंतपणाच्या फाइलीवर पहिल्याच पानावर लाल शाईने "दमा आहे" लिहून ठेवा आणि भरती करताना तोंडानेही सांगा. गरोदरपणात रक्तदाब वाढला तर लॅबेटॅलॉल नावाची गोळी नेहमी देतात, ती दमेकऱ्याला टाळतात. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला दिलं जाणारं कार्बोप्रोस्टचं इंजेक्शनही दमा उसळवू शकतं. दोन्हींना पर्याय आहेत, फक्त डॉक्टरला आधी माहीत हवं. लपवलेल्या दम्याचा धोका असा आयत्या वेळी पुढे येतो. फ्लूच्या लसीचंही त्यांना विचारा.

आणि बाळ घरी आल्यावर शेक-शेगडी होईल, त्यात ओवा, धूप, लसणीच्या साली निखाऱ्यावर टाकून धुरी देतात. ती नको. ना बाळंतिणीला, ना बाळाला. तेल लावा, गरम पाण्याने न्हाऊ घाला, ओव्याचं पाणी द्या, धुरी तेवढी वगळा. बाळंतिणीची खोली काळोखी, खिडक्या बंद असते, तीही उघडी आणि उजेडाची असू दे. पंप चालू ठेवून अंगावर पाजता येतं. बाळाला दमा होईल का? आईला असला की शक्यता वाढते, पण बऱ्याच मुलांना होत नाही. पोटात असताना आणि पहिल्या वर्षात धूर टाळणं हे तुमच्या हातात आहे.

राहिली फसवणूक. पंपाची जन्मकथा मला फार आवडते. १९५५ मध्ये अमेरिकेत तेरा वर्षांच्या एका दमेकरी मुलीने औषध कंपनीत काम करणाऱ्या आपल्या वडिलांना विचारलं, की माझं औषध अत्तराच्या फवाऱ्यासारखं का नाही मिळत? वर्षभरात पहिला पंप बाजारात आला. मुलीने मागितलेली वस्तू आमच्याकडे मुलींनाच लपवावी लागते. मी डॉक्टर असून पहिली दोन वर्षं रोग्यांसमोर पंप काढत नसे, "डॉक्टरीणबाईच दमेकरी" म्हणतील म्हणून. लग्न ठरवताना सांगायला हवं होतं, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. पण मनाशी खरं बोला. तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही होकार दिला असता? तिने तुमचं उत्तर आधीच ओळखलं होतं, आणि तुम्ही पंप बंद करायला लावून ते खरं ठरवलंत. रागावू नका. तुमचा शब्द मोडायचा नाही म्हणून तीन आठवडे रात्री-रात्री ती उठून बसलीय, ह्याला फसवणारी मुलगी म्हणायचं का ते तुम्हीच ठरवा. देवघराशेजारी कोनाडा असेल, तिथे दोन्ही पंप तुम्ही स्वतःच्या हाताने ठेवा. काही बोलायची गरज पडणार नाही.

शेवटी, तुम्ही विचारलं नाहीत ते. "सकाळी थोडा खोकला येतो तेवढाच" हे तुमच्या पत्रातलं वाक्य मी दोनदा वाचलं. आयुष्यात विडीला हात न लावलेल्या, पण तीस-चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या बायकांना सीओपीडी नावाचा फुफ्फुसाचा आजार होतो, आणि त्याची सुरुवात अशाच "थोड्या" सकाळच्या खोकल्याने होते. स्पायरोमेट्री नावाची साधी तपासणी असते, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका नळीत जोरात फुंकायचं. सुनेला चिपळूणला दाखवायला न्याल तेव्हा तुमचाही नंबर लावा. ह्यांनाही सोबत घ्या, विडीचा कट्टा घरी ठेवून.